मोहटोल्याचा माइक

मोहटोल्याच्या जयंती मंडळानं माइकचा सेट निवडायला नर्सबाईला पाठवायचं ठरवलं, त्याला कारण एकच होतं. जयंतीच्या त्या संध्याकाळी ती गावात नव्हती.

नूतन मेश्राम मूळची गडचिरोलीची. चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या या गावी उपकेंद्रावर बदलून आली, त्याला काही वर्षं झाली होती. लसी, बाळंतपणं, तापाच्या गोळ्या यांतलं तिला सगळं कळायचं. माइकमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. तसं तिनं बैठकीत स्पष्ट सांगितलंही. पण मंडळाचे अध्यक्ष देवानंद खोब्रागडे म्हणाले, "बाई, ज्यायले समजते ते सारे कोन्या न कोन्या बाजूचे हायेत. तुमी कोन्याच बाजूच्या नाई." आणि भिंतीला टेकून बसलेली रंभाबाई, जी देवानंदभाऊंच्या म्हणण्याला कधी हो म्हणाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, तिनंही मान डोलावली. मग नूतनला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

झालं होतं ते असं. अठ्ठ्याण्णव सालच्या भीमजयंतीला, पाहुण्यांची भाषणं आटोपल्यावर, गुणवंतराव उठले. गुणवंतराव म्हणजे रिटायर झालेले वनरक्षक, वयानं मोठे, कमी बोलणारे. माइक हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं की रस्त्याच्या कडेची जमिनीची पट्टी आपण समाजाला देत आहोत. कशासाठी, तेही सांगितलं. टाळ्या वाजल्या, कुणी घोषणा दिल्या, जेवणं झाली, लोक घरी गेले. सकाळी गुणवंतरावांच्या छातीत दुखू लागलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, तिथून ते परत आले नाहीत.

दुखवटा संपला आणि देवानंदभाऊ दोरी घेऊन पट्टीवर मोजमाप करायला गेले. विहाराचा पाया कुठून घ्यायचा ते पाहायचं होतं. आहे तो विहार म्हणजे टिनाचं शेड, उन्हाळ्यात आत बसवत नाही. ते दोरी ताणतात न ताणतात तोच रंभाबाई चार बायांना घेऊन आली.

"भाऊ, एवढी मोठी विहीर खोदता का?"

"कोनती विहीर? विहारासाठी देल्ली जागा गुणवंतरावायनं."

"विहिरीसाठी देल्ली. माह्या कानानं आयकलं."

"मी का बहिरा हावो?"

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. बायांचं म्हणणं खोटं नव्हतं. हातपंपाचं पाणी तांबडं, त्यात डाळ शिजायला दुपार व्हायची. देवानंदभाऊंचंही खोटं नव्हतं. विहाराचं बोलणं गुणवंतराव स्वतःच कितीदा काढत. शपथा झाल्या. दोन्हीकडची माणसं खरीच वाटत होती. एक म्हातारा तर म्हणाला, "विहार नाई आन् विहीर नाई, ते व्यवहारासाठी म्हणले," आणि त्याच्यावर दोन्ही बाजू तुटून पडल्या.

शेवटी सगळे गुणवंतरावांच्या बायकोकडे, गिरजाबाईकडे गेले. एकदा नाही, अनेकदा गेले. तिचं उत्तर ठरलेलं. "सांगीन त सगळ्यायसमोर सांगीन. एकाले सांगतलं का दुसऱ्यापर्यंत वाकडं जाते. आन् त्या भोंग्यातून त मी बोलनारच नाई."

म्हणून माइक. वर्षभराच्या भांडणात दोन्ही बाजूंना पटलेली ही पहिली गोष्ट होती: भोंगा वाईट होता, नवीन सेट आणायचा, येत्या जयंतीला गिरजाबाई त्यावर बोलेल आणि सोक्षमोक्ष लागेल.

नूतननं जायच्या आधी आपल्या परीनं चौकशी केली. घरोघर गोळ्या वाटताना ती विचारायची, "त्या दिवशी तुम्ही कुठे बसला होता?" तिला वाटलं होतं, लिंबाखाली बसलेल्यांनी एक ऐकलं असेल, शेडकडच्यांनी दुसरं. पण लिंबाखालचे दोघे सख्खे भाऊही एकमेकांशी जुळेनात. देवानंदभाऊ पहिल्या रांगेत होते. रंभाबाईही पहिल्याच रांगेत, बायांच्या बाजूला. जितकं विचारावं तितकं डोकं भणभणायचं. ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांची खात्री होती. गोंधळ फक्त तिचाच होता, आणि तिनं तर काही ऐकलंच नव्हतं.

चंद्रपूरला जाताना तिच्यासोबत लटारू आला. लटारू मूलचा माइकवाला. लग्न, नाटक, प्रचार, सगळीकडे त्याचेच भोंगे. त्या जयंतीलाही तेच होते. गावानं सगळा दोष त्याच्या भोंग्यावर टाकल्यापासून तो दुखावला होता आणि स्वतःहून म्हणाला होता, "मी येतो बाई. तुमाले फसवतीन ते लोक." एसटीत खिडकीशी बसून तो सारखा सांगत होता, "घ्या त मोठा भोंगा घ्या. दोन कोस आवाज जाते."

"मला दोन कोस नको आहे लटारूभाऊ. शेवटच्या रांगेपर्यंत पाहिजे."

"मंग का फायदा?" लटारू खरोखरच चकित झाला.

चंद्रपूरच्या गोल बाजारातल्या माइकच्या दुकानात छतापर्यंत खोकी रचलेली होती. दुकानदार गल्ल्यावरून उठला आणि त्यानं प्रश्नांचा मारा केला. भाषणासाठी पाहिजे की गाण्यासाठी? मोकळ्यावर की हॉलमध्ये? पब्लिक किती? लाइट जाते का, बॅटरीवर चालवायचं का? लटारू प्रत्येकाला "दोन्ही" म्हणत होता. नूतन म्हणाली, "भाषणासाठी. झाडाखाली. लाइट जातेच."

"फिर देखो मॅडम," म्हणत त्यानं एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. हा भोंगा, लांब जाणारा. ही मोठी खोकी, यात गाणं असं वाजतं की छाती हलते. हा उभा, माणसाच्या कमरेएवढा, चपटा डबा, याला कॉलम म्हणतात. हा माइक फक्त समोरचं ऐकतो, हा चारी बाजूंचं. हे आवाज वाढवणारं मशीन एवढ्या वॅटचं, ते तेवढ्या. या मशीनला हे लागेल, त्याला ते लागणार नाही, जळून जाईल. नूतन मान हलवत राहिली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की तिच्यासमोर बसणाऱ्या बाया ज्या मानेनं हो-हो करतात, तीच मान आपण हलवतो आहोत. गावातल्या एका बाईनं अशीच मान हलवली होती आणि घरी जाऊन डोक्याला लावायचं औषध पिऊन टाकलं होतं. तेव्हापासून नूतन कुणालाही गोळ्या दिल्या की विचारायची, आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा.

"थांबा," ती म्हणाली. "वाजवून दाखवा."

दुकानदारानं कॅसेट लावली. गाणं इतकं सुरेख वाजलं की रस्त्यावरची माणसं थबकली. भोंग्यात छान, खोक्यात त्याहून छान.

"गाणं नको. बोलून दाखवा."

त्यानं माइक तोंडाशी धरला. "हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग. वन, टू, थ्री."

"भाऊ, वन-टू झालं की थ्रीच येणार. ते मला न ऐकताही कळतं."

दुकानदार हसायला लागला. पण नूतनला हसू येत नव्हतं, कारण काहीतरी तिच्या हाताशी येऊ पाहत होतं. तिनं लटारूच्या हातात माइक दिला आणि सांगितलं, "मी रस्त्यापलीकडे रसवंतीपाशी उभी राहते. तुम्ही विहार म्हणा किंवा विहीर म्हणा. मनाला येईल ते, मनाला येईल तेव्हा. मला विहार ऐकू आलं तर मी उजवा हात वर करीन, विहीर ऐकू आलं तर डावा."

"इथी? बजारात?"

"इथीच."

लटारू आधी लाजला. मग भोंग्यातून गोल बाजारावर आवाज घुमला. "विहारासाठी! विहिरीसाठी! विहिरीसाठी!" नूतन उसाच्या चरकाशेजारी उभी राहून हात वर करत होती. तिच्या चुका दुकानदार मोजत होता. सायकली थांबल्या. कुणीतरी विचारलं, बाईला काय झालं? भोंग्यात तिचे निम्मे हात चुकले. मोठ्या खोक्यांत नुसतं घुमायचं, शब्दाची कडच सापडायची नाही. कॉलमचा आवाज मोठा नव्हता, पण लटारू तिच्या शेजारी उभा राहून बोलतो आहे असं वाटायचं. त्यात ती जवळजवळ चुकली नाही.

"हेच," ती रस्ता ओलांडून येत म्हणाली. "असे दोन. आणि समोरचं ऐकणारा माइक."

लटारूचं तोंड उतरलं होतं. तेवढ्यात नूतनला काय वाटलं कोण जाणे, ती भोंग्याच्या पुढ्यात अगदी जवळ येऊन थांबली आणि म्हणाली, "आता बोला पुन्हा." लटारू बोलला. तिला प्रत्येक शब्द बरोबर कळला.

म्हणजे झालं काय? जवळ बसलेल्याला भोंग्यातही कळतं. मग पहिल्या रांगेतल्या देवानंदभाऊंना आणि पहिल्याच रांगेतल्या रंभाबाईला वेगवेगळं कसं कळलं? तिनं लटारूला विचारलं, भोंगे कुठे बांधले होते? एक लिंबावर, एक शेडवर, तोंडं समोरासमोर, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. दुकानदार म्हणाला, मग मधल्यांना दोन्हीकडचा आवाज मागंपुढं येणार, शब्दावर शब्द चढणार. पण पहिली रांग मधोमध होती का? लटारूला आठवेना. सेट बांधून घेताना नूतनचं मन लागत नव्हतं. निवडलेली वस्तू चांगली होती, याबद्दल शंका नव्हती. ती कशासाठी निवडली, तेच आता तिला नीट सांगता आलं नसतं.

परतीच्या एसटीत लटारू मांडीवर मशीन घेऊन बसला होता. मूल जवळ आलं तसा हळूच म्हणाला, "बाई, एक सांगू? कोनाले सांगू नका."

"काय?"

"त्या दिवशी गुणवंतरावायनं दात काढून खिशात ठेवले होते. नवीन कवळी होती, टोचत होती त्यायले. मीच माइक देल्ला ना हातात, मी पाह्यलं." तो तिच्याकडे वळला. "आता तुमीच सांगा, माह्या भोंग्याचा का दोष?"

नूतनला हसू फुटलं ते आवरेना. पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून पाहू लागली. हसता हसताच तिच्या मनात आलं, की मग त्यांच्या तोंडून नक्की काय निघालं ते कुणालाच कळलेलं नाही, आणि वर्षभर गाव भांडतं आहे ते ज्याच्या त्याच्या मनातल्या शब्दावर. पण हे सांगायचं कुणाला? आणि सांगून काय होणार? दोन्ही बाजू म्हणतील, नर्सबाई पलीकडच्यांना मिळाली.

जयंतीचा दिवस आला. दुपारीच तिनं लटारूला घेऊन मांडणी केली. कॉलम आधी स्टेजच्या मागे ठेवले तर माइक अशी शिटी मारू लागला की कुत्री पळाली. लटारूनं ते उचलून पुढे, माइकच्या दोन्ही अंगांना आणले, तशी शिटी थांबली. मग नूतननं रंभाबाईला सगळ्यात मागे, हातपंपापाशी उभं केलं आणि स्वतः माइकवरून आडवंतिडवं काहीही बोलली: हरभरा, मच्छरदाणी, उद्या मारोडा गावाला लसी. रंभाबाईनं तिथून सगळं जसंच्या तसं ओरडून सांगितलं. देवानंदभाऊ खूश झाले. "बाई, काम केलं तुमी. आता लपवाले जागाच नाई."

संध्याकाळी सारा गाव जमला. वंदना झाली, एका पाहुण्याचं भाषण झालं, आणि पहिल्यांदाच त्या गावात पाहुणा नेमका काय बोलला ते मागच्या बायांनाही कळलं. मग गिरजाबाईचं नाव पुकारलं. ती उठली, पदर सारखा केला आणि सावकाश स्टेजवर आली. नूतननं माइकचा दांडा तिच्या उंचीला खाली केला आणि कानात सांगितलं, "जवळून बोला. तोंड फिरवू नका."

"जयभीम," गिरजाबाई म्हणाली. "माहा आवाज येते का मागं?"

"येते!" मागून एकसाथ उत्तर आलं.

"ते काय बोलले, मले माईत नाई."

गलबला झाला. देवानंदभाऊंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"मी तिथीच बसली होती. मले बी नीट आयकू नाई आलं. आन् आलं असतं तरी सांगतलं नसतं. काऊन का ती पट्टी त्यायची नोहे. माह्या बापाची होय, रामाजीची. मी एकटीच पोरगी, म्हणून मले देल्ली. हे वाहत-पेरत होते, त लोक त्यायचीच म्हणत गेले. जुन्या मानसायले माईत हाये." पुढे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. "त्यायनं मले न विचारता देऊन टाकली. सारे टाळ्या वाजवून राह्यले होते, आन् माह्या पोटात आग पडली होती. घरी आल्यावर मी त्यायच्याशी बोलली नाई. ताट वाढलं, बोलली नाई. सकाळी त्यायच्या छातीत दुखाले लागलं."

ती थांबली. कॉलममधून तिचा श्वास ऐकू येत होता, शेवटच्या रांगेपर्यंत. मच्छरदाणी आणि हरभऱ्याइतकाच स्वच्छ. नूतनला वाटलं, पुढे जाऊन मशीन बंद करावं.

"वर्षभर तुमी माह्या आंगनात आले," गिरजाबाई पुन्हा बोलू लागली. "देवानंद आला, रंभा आली. ते काय बोलले, ते काय बोलले, हेच विचारून राह्यले सारे. एकानं बी नाई विचारलं, का गिरजाबाई, तुले द्याची हाये का नाई. बस. मले एवढंच सांगाचं होतं. जयभीम."

ती खाली उतरून आपल्या जागी जाऊन बसली. कुणी टाळी वाजवली नाही. मग सगळीकडून कुजबुज उठली: "काय म्हणली? काय म्हणली?" मागचे पुढच्यांना विचारत होते, आणि पुढचे एकमेकांना. देवानंदभाऊ स्टेजच्या कडेला आले, मशीनच्या लाल दिव्याकडे बघत राहिले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मशीन बराबर हाये ना?"

"बरोबर आहे भाऊ."

"मंग मले समजून काऊन नाई राह्यलं? देते म्हणली का नाई देत म्हणली?"

नूतनला तरी कुठे कळलं होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिरजाबाईकडे गेली. गिरजाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. नूतननं विचारायचं ते सरळ विचारलं. "गिरजाबाई, तुम्हाला द्यायची आहे का ती पट्टी?"

गिरजाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि हातातली फुलं सुपात टाकली. "विचारलं बापा कोनीतरी," ती म्हणाली. आणि सुपातली फुलं निवडू लागली. शेवटी म्हणाली, "मलेच नाई समजून राह्यलं बाई. वर्षभर याच गोष्टीचा राग धरला. आता विचारलं, त जीभच उचलत नाई. दे म्हणते मन, आन् देल्ली त त्यायचंच खरं झालं, असं वाटते. नाई म्हणावं, त त्या पोरी रोज तांबडं पानी भरून राह्यल्या, ते बी दिसते." तिनं पदरानं डोळे पुसले. "च्या घेशील?"

चहा पिऊन नूतन निघाली. काही दिवसांनी तिला जिवतीकडे साथीच्या कामासाठी पाठवलं गेलं. डोंगरातल्या पाड्यांवरून तापाचे रुग्ण तपासत फिरताना मोहटोला मागेच राहिला. परत आली तेव्हा मे महिना सरत आला होता. मूलच्या स्टँडवरच तिला लटारू भेटला. त्यानं सांगितलं, विहार होणार. एसटीत गावची एक बाई भेटली, ती म्हणाली, काहीच नाही, म्हातारीनं सगळ्यांना हाकलून दिलं. कंडक्टरही त्याच गावात राहायचा. त्याच्या म्हणण्यानुसार पट्टीचे दोन तुकडे पडले होते. नूतन उतरली ती उपकेंद्राकडे गेलीच नाही, पिशवी खांद्यावर घेऊन तशीच रस्त्याच्या कडेनं पट्टीकडे चालत गेली.

तिथे आठ-दहा माणसं होती. रस्त्याकडच्या कोपऱ्यात जमिनीवर चुन्यानं मोठा गोल आखलेला होता. कुदळीवर हात ठेवून घामेजलेले देवानंदभाऊ उभे होते, आणि शेजारी टोपली घेऊन रंभाबाई.

"देवानंद आन् मी संगच गेलो होतो गिरजाबाईकडं," रंभाबाईनं सांगितलं. "एकाच बाजेवर बसलो. हा आधी बोलाले तयार नाई होता."

"मी बोललो," देवानंदभाऊ म्हणाले. "मी म्हणलं, माय, तुमाले द्याची असन त द्या. नसन त राहू द्या. त त्यायनं आठ दिवस लावले. मंग हा एक कोपरा विहिरीले देल्ला. बाकी पट्टी नाई देत म्हणल्या. विहार आहे तिथीच पक्का बांधा, म्हणल्या, विटा उचलाले मी येते." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बाई, गुणवंतरावायनं विहारच म्हणलं होतं. पन आता जाऊ द्या."

"विहीर म्हणले होते," रंभाबाई म्हणाली.

आंब्याच्या सावलीतून छत्री घेऊन गिरजाबाई पुढे आली. चुन्याच्या गोलाभोवती एक फेरी मारली, मान हलवली.

"आंब्याच्या मुळाशी कायले आखलं रे? झाड मरन माह्या बापाचं. तिकडं सरकवा."

देवानंदभाऊंनी कुदळ खाली ठेवली, पायानं चुना पुसला आणि चार पावलं पलीकडे जाऊन विचारलं, "इथी?"

"अजून."

"इथी?"

"हं," गिरजाबाई म्हणाली, आणि नूतनच्या खांद्यावरची पिशवी घेऊन तिला सावलीत बसायला सांगितलं.